व्हिडिओत सरळ उभी राहिलेली गोदावरी: मॉडेल युद्धनौका घेताना झालेली फसवणूक

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या मॉडेल युद्धनौकेचं तयार हल, म्हणजे बोटीचा खालचा सांगाडा, विकत घ्यायचा विचार असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला विकणाऱ्यानं वजनाचा आकडा खोटा सांगितला नव्हता, मापंही बरोबर दिली होती. बोट पाण्यावर सरळ चालते हे दाखवायला त्यानं जो व्हिडिओ पाठवला, त्यात फसवणूक होती. व्हिडिओही खराच होता, फक्त पाण्याखाली काय बसवलंय ते दिसणार नाही याची काळजी घेतलेली होती.

माझे बाबा माझगाव डॉकमध्ये फिटर होते. आयएनएस गोदावरी तिथे बांधली गेली तेव्हा ते तिच्यावर कामाला होते. नौदलानं स्वतः आखलेली ही फ्रिगेट मे १९८० मध्ये पाण्यात उतरली, १० डिसेंबर १९८३ रोजी ताफ्यात आली आणि डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त झाली. एफ-२० हा तिचा क्रमांक नुसता म्हटला की बाबा अजून ताठ बसतात. ही बोट त्यांच्या हातात रिमोट देऊन चालवायची, एवढीच माझी इच्छा होती. त्यांचे हात आता थरथरतात, त्यामुळे फ्रेमवर पट्ट्या चिकटवून हल बांधणं त्यांना शक्य नाही आणि माझ्या नोकरीत तेवढा वेळ मिळत नाही. मोटर, सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर बसवणं मला येतं. कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात शिप मॉडेलिंग केलं होतं. म्हणून हल आणि वरचं बांधकाम तयार घ्यायचं, आतलं काम घरी करायचं असं ठरलं.

जाहिरात होती १:१५० प्रमाणातल्या गोदावरीची. फायबरचं हल, प्रॉप शाफ्ट (पंख्याचा दांडा) आणि रडर (सुकाणू) बसवलेले, बॅटरी आणि चार्जर सोबत, आणि ठळक अक्षरांत ‘बॅलन्स करून मिळेल’. किंमत चोवीस हजार. मी आधी हिशोब केला. मूळ जहाज सुमारे १२६ मीटर लांब आणि साडेचौदा मीटर रुंद, म्हणजे मॉडेल ८४ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पावणेदहा सेंटिमीटर रुंद. लांबी १५० पटीनं कमी झाली की वजन १५० च्या घनानं, म्हणजे ३३ लाख ७५ हजार पटीनं कमी होतं. पूर्ण भारातल्या ३,८५० टनांचे होतात सुमारे एक किलो १४० ग्रॅम. मोटर, बॅटरी, शिसं, रंग, सगळं त्यात बसवायचं. विक्रेत्यानं न विचारता हाच आकडा सांगितला, तेव्हा माणूस जाणकार आहे याची खात्री पटली. जाणकार तो होताच. त्या जाणकारीचा त्यानं काय उपयोग केला ते पुढे कळलं.

अशी अरुंद बोट उलटू नये म्हणून तिचा गुरुत्वमध्य खाली लागतो. गोदावरीला तर मागे दोन हेलिकॉप्टरं मावतील एवढा हँगर आहे, म्हणजे वर भरपूर बांधकाम. मॉडेल करणारे म्हणूनच वरचा भाग पातळ प्लास्टिक शीटचा किंवा बाल्सा या हलक्या लाकडाचा करतात आणि शिसं तळाला कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, रेषेत चिकटवतात. मी त्याच्याकडे चालत्या बोटीचा व्हिडिओ मागितला. आला. तलावाच्या हिरवट पाण्यात गोदावरी छान वळणं घेत होती. जोरात रडर मारला तरी थोडी कलून लगेच सरळ होत होती. काट्यावर ठेवलेल्या हलचा फोटोही आला. मग मी पैसे पाठवले.

पार्सल आलं, सामान त्याच्या खुणांप्रमाणे बसवलं. बॅटरी, मोटर कुठे ठेवायची ते त्यानं आत मार्करनं आखून दिलं होतं. एकूण वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास भरलं. गच्चीवर विटा रचून, वर ताडपत्री टाकून हौद केला होता, त्यात बोट सोडली. ती उजवीकडे कलली आणि तशीच राहिली.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, वायरिंग एका बाजूला गेलं असेल. डावीकडे थोडं वजन टाका, सरळ होईल.” डावीकडे शिशाच्या छर्ऱ्यांची छोटी पुडी ठेवली. बोट सरळ झालीच नाही. ती एकदम डावीकडे पडली, आधीपेक्षा जास्त. बाबा खुर्चीतून बघत होते. ते म्हणाले, “अगं, वजन एका बाजूला गेलेलं नाही. हिला खाली वजनच नाही.”

हे नीट समजून घ्या, कारण इथेच विकणारे माणसाला घुमवत ठेवतात. बोट कलण्याची दोन कारणं असतात. एका बाजूला वजन जास्त असेल तर दुसऱ्या बाजूला वजन टाकून ती सरळ होते. पण गुरुत्वमध्यच जास्त वर असेल तर बोट सरळ उभीच राहू शकत नाही, डावीकडे किंवा उजवीकडे कुठेतरी टेकून राहते. तेव्हा बाजूला वजन टाकलं की ती पलीकडे कोसळते, आणि असं करता करता एक दिवस भर तलावात उलटते. उपाय एकच, वजन खाली नेणं.

मी वरचं बांधकाम उचलून वेगळं तोललं. पुढचा मनोरा आणि हँगर रेझिनमध्ये भरीव ओतलेले निघाले. हलच्या आत तळाला करड्या रंगाचा थर होता. विक्रेत्याच्या शब्दांत ते ‘शिसं’. स्क्रू ड्रायव्हरनं कोपरा उकरला तर वाळू मिसळलेलं रेझिन. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून जास्त आहे, या मिश्रणाची दुपटीच्या जवळपास. काट्यावर दोन्ही सारखेच ग्रॅम दाखवतात, पण शिसं तळाशी चपटं बसतं आणि हे मिश्रण जागा खात वर चढतं.

मग तो व्हिडिओ खरा कसा? हल पालथं घातलं आणि कीलवरून हाताचं बोट फिरवलं. मध्यभागी, थोड्या अंतरावर, दोन ठिकाणी रंगाचा पोत वेगळा लागला. पॉलिश पेपरनं हलकेच घासलं तर आत पुट्टी भरलेली दोन गोल भोकं. टॉर्च लावून आतून पाहिलं, तिथेच वाळूच्या थरात दोन नट रुतलेले. व्हिडिओ काढताना खाली बोल्टनं पातळ पातं लावून त्याच्या टोकाला वजन टांगलं होतं. इतकं खाली लोंबणारं वजन कसलीही बोट सरळ धरतं. व्हिडिओ पुन्हा पाहिला. बोट काठाशी येते, माणूस हात पुढे करतो, आणि ती पाण्यातून वर निघायच्या आत क्लिप संपते.

असं पातं लावणं गैर नाही, हे मुद्दाम सांगते. शिडाच्या मॉडेलना ते लागतंच. अरुंद युद्धनौकांनाही काही जण पाण्यात सोडताना काढता-घालता येणारं पातं लावतात आणि उघडपणे तसं सांगतात. यानं ते काढून घेतलं, भोकं बुजवली, वर रंग मारला आणि आत वाळू भरून वजनाचा आकडा जुळवला. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

बॅटरीतही तेच. दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे गोल लिथियम सेल), वर छापलेली क्षमता ९,८०० एमएएच. या आकाराच्या चांगल्या कंपनीच्या सेलची क्षमता साधारण ३,५०० च्या आसपास थांबते आणि प्रत्येकाचं वजन ४५ ग्रॅमच्या आगेमागे असतं. हे सेल हातातच हलके लागले. असला आकडा छापलेला सेल दिसला की तो चार्जिंगलाही लावू नका.

घेण्याआधी विक्रेत्याकडून एकच सलग व्हिडिओ मागा, मध्ये कट नको. सुरुवातीला बोट पालथी, कील पुढून मागेपर्यंत जवळून दिसेल अशी. मग तीच बोट पाण्यात, शक्यतो स्वच्छ पाण्याच्या टबमध्ये. मग डेकची कड बोटानं दाबून दहा-पंधरा अंश कलवायची आणि सोडायची. चांगली बोट चटकन उठते, एकदोनदा डुलते आणि स्थिर होते. रेंगाळत उठली तर घेऊ नका. शेवटी पाण्यातून उचलून पुन्हा पालथी. या चाचणीत नवीन काही नाही. १६२८ साली स्टॉकहोमला वासा ही स्वीडिश युद्धनौका निघण्याआधी तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं होतं. जहाज इतकं डुललं की पळणं थांबवावं लागलं, तरी ते पाठवलं आणि पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं. कलवून दाखवायला विक्रेता कां-कू करत असेल तर व्यवहार तिथेच सोडा. वरचं बांधकाम आणि हल यांचं वजनही वेगवेगळं मागा. एकत्र वजनावरून काहीच कळत नाही.

भोकांचे फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचं ‘ताई’ बंद झालं, मग फोनही बंद झाला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे देऊन माल आलाच नसेल, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातूनही दावा करता येतो, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. माझी कागदपत्रं तयार आहेत: जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, मूळ व्हिडिओ, आणि बोट डावी-उजवीकडे पडतानाचा आमचा व्हिडिओ.

हल मी दुरुस्त केलेलं नाही. वाळूचा थर काढला तर पुरावा जाईल, म्हणून घासलेल्या जागी पट्टी ठेवून फोटो काढले आणि ते बांधून ठेवलंय. बाबांसाठी दुसरी गोदावरी आता आम्ही घरीच करतोय, १:१०० ची. तेवढ्या मापात वजन ३,८५० ग्रॅमपर्यंत जातं आणि तळाला खरं शिसं घालायला पुरेशी जागा मिळते. फ्रेम मी कापते, रेषा बाबा आखून देतात.