आमचा रुमाल गेला, हाती आली खोटी वंशावळ

आबांचं वय 84. माझे वडील. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या भावाकडे असतात. गेली दोन-तीन वर्षं त्यांना एकच ध्यास लागला होता: आपण मूळचे कुठले, या गावात पहिला कोण आला, हे डोळे मिटायच्या आत कळलं पाहिजे. लहानपणी सुगी झाली की बैलावर बसून हेळवी यायचा, जोत्यावर बसून घराण्याच्या पिढ्या घडाघडा वाचायचा आणि आजी त्याच्या झोळीत सुपानं जोंधळं ओतायची, हे ते नेहमी सांगतात. पुढे हेळवी यायचा थांबला. आबांना माझ्या पणजोबांपलीकडचं एकही नाव आठवेना.

मी सांगलीत राहते. आबांची ही इच्छा पुरी करायची हे मी मनावर घेतलं, आणि माझ्याच हातून ती फसवणूक घरात आली. हे सगळं लिहायचं कारण, तो माणूस अजून कुणाच्या तरी दारात बसलेला असणार.

2023 च्या अखेरीपासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तसे मोडी वाचणारे, वंशावळ काढून देणारे गावोगाव फिरू लागले. त्यात प्रामाणिक माणसं पुष्कळ आहेत, हे आधीच सांगते. आम्हाला भेटला तो भावकीतल्या एका लग्नात. पन्नाशीचा, पांढरा सदरा, खांद्याला शबनम, बोलणं अतिशय मऊ. "ताई, तुमचं कुलदैवत कोणतं? देवक काय? देवघरात टाक किती आहेत?" असं विचारत त्यानं वहीत टिपून घेतलं. मूळ पुरुष शोधताना हेच प्रश्न विचारतात हे मला ठाऊक होतं, त्यामुळे माझा विश्वास तिथेच बसला. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात माझी रोजची ऊठबस आहे, असंही त्यानं सांगितलं.

आमच्याकडे एक रुमाल होता. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी: जुनी कागदपत्रं ज्या फडक्यात बांधून ठेवतात त्याला रुमाल म्हणतात. आमचा लाल मांजरपाटाचा, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेला, आजीनं तिथे काळ्या दोऱ्यानं टाका घातलेला. आत मोडीतले अकरा कागद. ते काय आहेत हे घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. त्यातल्या दोन कागदांचे फोटो काढून मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. अर्ध्या तासात फोन आला. आवाज कापत होता, किंवा त्यानं तसा काढला. म्हणाला, "ताई, हा साधा कागद नाही. सरदारकीच्या सनदेचा उल्लेख आहे यात. तुम्ही कोण आहात हे तुम्हालाच माहीत नाही."

आबांना मी फोनवरच हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

पुढे पैसे कसे गेले ते थोडक्यात सांगते. आधी 5,000 विसार. मग पुण्याला जाऊन दप्तर धुंडाळायचे 11,000. मग भाच्यासाठी 1891 सालच्या जन्मनोंदीचा उतारा मिळवून देतो म्हणून 9,000. शेवटी ताम्रपट आणि चौकटीत बसवलेला वंशवृक्ष, त्याचे 21,000. एकूण 46,000 रुपये. सगळे क्यूआर कोडवर, आणि दर वेळी खात्यावरचं नाव वेगळं. दोनदा माझ्या मनात आलं, विचारावं. विचारलं नाही. पावती मागितली तेव्हा "घरच्यासारखं काम आहे ताई, पावती कसली" असं म्हणाला आणि मलाच संकोच वाटला.

पैशांपेक्षा मोठी चूक मी मधल्या काळात केली. कागद नीट स्कॅन करून, त्यांना आम्लविरहित कागदात घालून आणतो, असं म्हणून तो रुमाल मागायला सांगलीच्या घरी आला. मी दिला. अकरा कागद मोजूनसुद्धा घेतले नाहीत, की मोजून दिले म्हणून लिहून घेतलं नाही. चहा झाला, त्यानं रुमालाला हात जोडून नमस्कार केला, शबनममध्ये घातला आणि गेला. तो रुमाल मी पाहिलेला तो शेवटचा.

जून महिन्यात गावी भावकीला बोलावून त्यानं वंशवृक्षाचं अनावरण केलं. चौदा पिढ्या. वर ढाल-तलवारीचं चिन्ह. बाजूला शाहू महाराजांची सनद, कडा जळालेल्या, कागद तपकिरी. आबांनी फेटा बांधला होता. ते दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि त्यांना बोलवेना. त्यांच्या त्या चेहऱ्याचा फोटो माझ्याकडे आहे. मला तो आता बघवत नाही.

संशय पहिल्यांदा आला तो आत्याला. तिला वाचायला येतं, पण चष्मा लावून एकेक अक्षर लावत वाचते. खालून वर वाचत गेली आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाली, "हा आपला खापरपणजा कसा असंल? हा तर माझ्या सासऱ्याचा आजा." मी दचकले. ते नाव मीच त्या माणसाला फोनवर सांगितलं होतं, चुकून. मला आठवत होतं ते आत्याच्या सासरचं नाव, आणि मी ते आमच्या घराण्यातलं म्हणून दिलं होतं. तीच माझी चूक आता पेशवे दप्तरातून मिळालेली म्हणून चौकटीत बसून आली होती. म्हणजे खालच्या पाच पिढ्या आमच्याच तोंडच्या होत्या, आणि वरच्या नऊ त्याच्या मनच्या.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. सर पंचवीस वर्षं मोडी वाचतात. त्यांनी सनद टेबलावर ठेवली, भिंग लावलं आणि मला म्हणाले, "ताई, तुम्हाला मोडी येत नाही ना? तरी बघा. या ओळीतले सगळे 'म' शोधा." मी शोधले. सात होते. सातही तंतोतंत एकसारखे, तेच वळण, तीच जाडी. बोरूनं लिहिणाऱ्या माणसाचे दोन 'म' कधी एकसारखे येत नाहीत. तो संगणकावरचा मोडी फॉन्ट होता. भिंगाखाली प्रिंटरचे बारीक ठिपके दिसत होते. शिवाय प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येकावर स्वतंत्र शिरोरेघ. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो. शब्दात अंतर नाही, विराम नाही. कागद चहाच्या पाण्यात बुडवलेला होता. सरांनी कोपरा नाकाशी नेऊन मला वास घ्यायला सांगितला.

मग त्यांनी तारीख वाचली. शके 1680. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1758. थोरले शाहू महाराज साताऱ्यात वारले ते डिसेंबर 1749 मध्ये. 1758 साली गादीवर रामराजे होते. निधनानंतर नऊ वर्षांनी महाराजांनी आम्हाला सनद दिली होती.

भाच्याचा 1891 चा जन्मनोंदीचा उतारा सरांनी मोठ्यानं वाचायला घेतला. मौजे अमुक, तालुका तासगाव, आणि ते थांबले. "जिल्हा सांगली," ते म्हणाले. "ताई, 1891 साली सांगली जिल्हा होता का?" नव्हता. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि तासगाव सातारा जिल्ह्यात होतं. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 मध्ये. ही गोष्ट आमच्या घरातल्या कुणालाही ठाऊक असायला हवी होती. आबांच्या शाळेच्या दाखल्यावर सातारा जिल्हा लिहिलेलं आहे, तो दाखला आम्ही हजार वेळा पाहिलाय.

तो उतारा भाच्यानं जात पडताळणीच्या प्रकरणाला जोडायला काढून ठेवला होता. चार दिवसांनी अर्ज जाणार होता. दक्षता पथकाच्या हाती तो लागला असता तर पोरगं बनावट कागद दिल्याच्या गुन्ह्यात अडकलं असतं, आणि त्याला सोडवायला तो शबनमवाला आला नसता. या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांच्या घरात असे विकत घेतलेले उतारे आहेत त्यांनी कृपा करून ते कुठेही जोडू नयेत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात स्वतः अर्ज करून नक्कल मागा. खऱ्या नकलेवर शिक्का, सही, अर्जाचा क्रमांक असतो. गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ती गाव नमुना 14. वारसाच्या नोंदी गाव नमुना 6-क मध्ये आणि फेरफारात सापडतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातला कागद असेल तर त्यावर रुमालाचा क्रमांक हवाच. तिथे हजारो रुमाल आहेत, क्रमांकाशिवाय कुणी कागद शोधूच शकत नाही. आमच्या सनदेवर कसलाच क्रमांक नव्हता.

त्या माणसाचा फोन दोन दिवस लागला, मग बंद. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "ताई, सरांना मोडी येतच नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "रुमाल कुरिअरनं पाठवलाय." तिसऱ्या दिवसापासून काही नाही. मी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. पूर्वी ज्याला 420 म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 आहे. पैसे जाऊन दोन महिने उलटले होते, खात्यात काही शिल्लक नव्हतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांतच 1930 ला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत निघून जातात.

आबांना सांगायचं काम भावानं माझ्यावर टाकलं, आणि ते बरोबरच होतं. गावी गेले. ते सोप्यात त्या चौकटीखालीच बसले होते. मी सगळं सांगितलं, चहाच्या वासापासून आत्याच्या सासऱ्यापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आणि आपला रुमाल?" मला रडू आलं. ते उठले, खुर्चीवर चढायला लागले, चौकट उतरवायला. भावानं धरलं आणि स्वतः उतरवली.

मग आठवलं की दोन कागदांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. ते सरांकडे नेले. ज्या कागदात सरदारकीची सनद आहे म्हणून सांगितलं होतं, तो बैलजोडीचं खरेदीखत निघाला. शके 1816, म्हणजे 1894. माझ्या पणजोबांनी शेजारच्या गावाहून 62 रुपयांना खिलार जोडी घेतली होती. निम्मे रोख, निम्मे सुगीला. दोन साक्षीदार. त्यात पणजोबांच्या बापाचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे, जे नाव आबा आयुष्यभर शोधत होते. वंशवृक्षात ते नाव कुठेच नव्हतं. तळाशी एक बोटभर लांबीचं चित्र होतं. मला वाटायचं शाईचा फराटा आहे. सरांनी फोटो मोठा करून दाखवला: रुमणं, इसाड, फाळ. नांगर. बाजूला लिहिलेलं, निशाणी नांगर. लिहिता न येणारा कुणबी कागदावर सही म्हणून नांगर काढायचा.

तो फोटो मी आबांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करायचा प्रयत्न केला, जमेना, मी करून दिला. "आगं, नांगर हाय की ह्यो," म्हणाले. "त्याच्या हातचा." मग कितीतरी वेळ ते त्या नांगराच्या रुमण्यावरून अंगठा फिरवत बसले, आणि स्क्रीन सारखी सरकत होती.

पुढे बेळगावकडच्या हेळव्याचा पत्ता लागला. जुन्या हेळव्याचा नातू, आता तो बैलावर नाही, मोटारसायकलवर येतो. त्यानं पिढीजात वही उघडली आणि सात पिढ्या वाचल्या. खरेदीखतातलं नाव त्यात बरोबर त्याच जागी होतं, आणि पणजोबांना दोन भाऊ होते हेही कळलं. त्यानं पैसे ठरवले नव्हते. आबांनी धान्य, धोतरजोडी आणि पाचशे रुपये दिले. वही त्यानं कुणाच्या हातात दिली नाही, स्वतः वाचली, आम्ही लिहून घेतलं. कागद सांभाळणारे असेच वागतात, आणि मी ते आधी पाहिलेलं असूनही विसरले होते.

उरलेल्या नऊ कागदांत काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. असा माल जुन्या वस्तूंच्या बाजारात विकला जातो असं सर म्हणतात. म्हणून विनंती आहे. लाल मांजरपाटाचा रुमाल, एक कोपरा कुरतडलेला, त्यावर काळ्या दोऱ्याचा टाका, आत मोडीतले कागद आणि त्यातल्या एकावर शके 1816 व खाली नांगर. सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे, कुठेही कुणाच्या दुकानात, कुणाच्या संग्रहात दिसला तर तो आमचा आहे. दुकानदार सांगेल ती किंमत देऊन मी तो घेईन.