मॅसी फर्ग्युसन १३५ (पर्किन्स तीन सिलेंडर): थंडीभर बंद ठेवल्यावर स्टार्टिंग कसं आहे

जुना ट्रॅक्टर घ्यायचाय आणि हिवाळ्यात काही महिने तो शेडमध्ये नुसता उभाच राहणार असेल, तर माझं सरळ मत आहे, पर्किन्सच्या तीन सिलेंडर डिझेलवाला १३५ बघा. मॉडेल १९६४ चं, पण स्टार्टिंगला अजून एक नंबर.

यामागचं कारण म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात फवारलं जातं, त्यामुळे दाबलेल्या हवेची उष्णता फारशी वाया जात नाही. १३५ च्या आधीच्या मॅसी ३५ ला सुरुवातीला जे चार सिलेंडर डिझेल होतं त्यात डिझेल बाजूच्या छोट्या चेंबरमध्ये जायचं आणि गारठ्यात त्या चेंबरच्या भिंतीच सगळी उष्णता खाऊन टाकायच्या, म्हणून ते थंडीत फार छळायचं. १९५९ च्या शेवटी ३५ ला पर्किन्सचं तीन सिलेंडर आलं आणि ती कटकट मिटली. १३५ मध्ये त्याच घराण्यातलं अडीच लिटरचं इंजिन आहे. सगळं मेकॅनिकल, सेन्सर नाही काही नाही, त्यामुळे उभं राहून बिघडायला फारसं काही नाहीच.

माझी पद्धत अशी की आधी एअर क्लिनर उघडून बघायचा, उंदरांना ती जागा फार आवडते. मग स्टॉपचा नॉब ओढून धरून थोडा सेल मारायचा, म्हणजे डिझेल न जाता ऑइल वर चढतं, ऑइलचा काटा हलला की नॉब आत. मग चावी हीटवर १५-२० सेकंद धरायची आणि सेल मारायचा. एक सिलेंडर पकडतो, ठक ठक करत पांढरा धूर येतो, मग बाकीचे दोन येऊन मिळतात आणि धूर हळूहळू साफ होतो, तो आवाज ऐकला की खरंच बरं वाटतं.

कमी सांगायची तर थर्मोस्टार्ट, म्हणजे चावी हीटवर धरली की चालू होणारा हीटर. मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातल्या) तापलेल्या कॉइलवर डिझेल पडून पेटतं आणि आत जाणारी हवा गरम होते, पण उभ्या ट्रॅक्टरमध्ये त्याच्या नळीतलं डिझेल उतरलेलं असलं तर कॉइल कोरडीच तापते आणि जळून जाते. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरचा तो बंदच असतो आणि लोक सरळ इथरचा, म्हणजे चटकन पेट घेणारा स्प्रे मारतात. कृपा करून हीटर चालू असताना स्प्रे मारू नका, मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो.

आणि सेल हळू फिरत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका, बॅटरी आणि अर्थिंगची वायर बघा, थंडीत बॅटरीचा जोर तसाही कमी होतो. टाकी फुल करून उभा केला तर आत दव धरत नाही. डिझेल फिल्टर बदलला असेल तर लाइनमधली हवा मात्र नीट काढायची, फिल्टर मग पंप मग नोझलचे नट याच क्रमाने.

घ्यायला जाल तेव्हा मालकाला आधी सांगून ठेवा, आम्ही यायच्या आधी चालू करू नका म्हणून, आणि पोचल्यावर पहिला हात इंजिनाच्या ब्लॉकला लावा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.