४×४ जादुई चौरस आणि बॅकट्रॅकिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१ ते १६ या संख्या सोळा घरांत अशा बसवायच्या की प्रत्येक आडवी ओळ, उभा स्तंभ आणि दोन्ही कर्ण यांची बेरीज ३४ यावी. डेप्थ-फर्स्ट सर्च (एकच वाट शेवटपर्यंत तपासणं) आणि बॅकट्रॅकिंग (अडलं की एक पाऊल मागे येऊन पुढचा पर्याय घेणं) यांच्यासाठी हे अगदी योग्य कोडं आहे. आठ महिन्यांच्या वापरानंतर मत पक्कं झालं आहे: वेग भाषेपेक्षा घरं भरण्याच्या क्रमावर जास्त ठरतो.

सगळ्या मांडण्या तपासायच्या म्हटल्या तर १६! म्हणजे सुमारे २१ लाख कोटी होतात. तो मार्ग बंदच. ओळीमागून ओळ भरत गेलं, ओळीतलं चौथं घर वजाबाकीने काढलं आणि शेवटची ओळ स्तंभांवरून भरली, तर मोकळी घरं, म्हणजे जिथे उरलेल्या संख्या एकेक करून बसवून पाहाव्या लागतात ती, ९ उरतात. तरीही फांद्यांची (तपासायच्या पर्यायांची) कमाल मर्यादा १४९ कोटींवर जाते, कारण स्तंभातली चूक खूप उशिरा कळते.

आता घरांना डावीकडून उजवीकडे, वरून खाली १ ते १६ क्रमांक द्या आणि हा क्रम वापरा. घर १, २, ३ मोकळी, ४ वजाबाकीने. मग ५ आणि ९ मोकळी; १३ वजाबाकीने. १६ लगेच मिळतं, कारण चारही कोपऱ्यांची बेरीज ३४च असते. (पहिली ओळ, शेवटची ओळ आणि दोन्ही कर्ण मिळवा: कोपरे दोनदा येतात आणि मधले दोन स्तंभ एकदा. १३६ मधून ६८ गेले, उरलेल्या ६८ चे निम्मे ३४.) पुढे ७ मोकळं, त्यावरून १०. शेवटी ६ मोकळं, आणि ११, ८, १२, १४, १५ ही घरं आपोआप ठरतात. मोकळी घरं फक्त ७, मर्यादा २ कोटी १३ लाखांच्या आत. म्हणजे बरोबर ७० पट कमी, आणि प्रत्यक्षात छाटणीमुळे (न जुळणारी फांदी तिथेच सोडल्यामुळे) त्याहूनही बरंच कमी काम पडतं. ही कोपऱ्यांची युक्ती या पद्धतीतली सगळ्यात देखणी गोष्ट आहे.

चुका बहुतेक परत फिरतानाच होतात. मोकळ्या घरातली संख्या ‘वापरलेली’ यादीतून काढली जाते, पण वजाबाकीने आलेली तशीच राहते. प्रोग्राम एरर देत नाही, उत्तरं मात्र कमी येतात. दुसरी चूक तपासणीच्या क्रमाची: वजाबाकीने आलेली संख्या १ ते १६ मध्ये आहे का, हे आधी पाहा आणि मगच यादीत शोधा. पायथनमध्ये उणे इंडेक्स यादीच्या शेवटून मोजला जातो, त्यामुळे -२ सुद्धा मुकाट्याने चालून जातो. एकामागोमाग आपोआप ठरणाऱ्या घरांत प्रत्येक संख्या नोंदवल्यावरच पुढची तपासा, नाहीतर घर ११ आणि घर ८ मध्ये एकच संख्या बसू शकते. सापडलेला चौरस साठवताना घरांच्या यादीची प्रत घ्या. मूळ यादीच जोडली, तर शेवटी सगळे चौरस सारखेच दिसतात.

‘वापरलेली’ यादीऐवजी १६ बिटांचा मास्क (कोणती संख्या वापरली हे सांगणारे सोळा ०/१) रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या, फंक्शनला पॅरामीटर म्हणून दिला की परत फिरताना काही पुसावं लागत नाही. वरच्या चुकांपैकी पहिली तिथेच संपते.

पडताळणी सोपी आहे. याच पद्धतीने ३×३ साठी ८ उत्तरं यायला हवीत, ४×४ साठी ७,०४०. फिरवलेले आणि आरशातले चौरस वगळायचे असतील तर दोन अटी घाला: घर १ इतर तीन कोपऱ्यांपेक्षा लहान, आणि घर २ घर ५ पेक्षा लहान. मग नेमके ८८० उरतात. ही संख्या फ्रेंच गणितज्ञ फ्रेनिकल द बेसी यांच्या १६९३ साली, मरणोत्तर छापलेल्या यादीतलीच. ८७९ आले तरी कोड चुकलेला आहे असंच समजा.

५×५ साठी मात्र सगळी उत्तरं मोजायला ही साधी मांडणी घेऊ नये. तिथे वेगळे धरायचे चौरसच २७,५३,०५,२२४ आहेत. एकच चौरस हवा असेल तर विषम आकारासाठी तिरकं सरकत भरण्याची थेट रीत आहे, तिला अशा शोधाची गरजच नाही.