तीन एचपीचा कॉम्प्रेसर दहा महिने वापरल्यावर, आणि टाकीखालच्या कॉकविषयी जरा जास्तच

चतुर्थीला अकरा दिवस उरले होते. दोन देव्हारे, एक चौरंग आणि मुंबईहून येणाऱ्या एका चाकरमान्याच्या घराचे फणसाचे दोन दरवाजे पॉलिशचा शेवटचा हात मारायचे राहिले होते, आणि नेमक्या त्याच सकाळी आमचा कॉम्प्रेसर फुसफुसू लागला. मोटर बंद झाली की टाकीतल्या दाबाप्रमाणे मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचपाशी दोन-तीन सेकंद हवा सुटते आणि ती सुटायलाच हवी. पण त्या दिवशी ती सुटतच राहिली, दाबाचा आठ किलोवरचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला आठ किलो) काटा चहा संपेपर्यंत सहावर आला आणि कोणीही गन हातात घेतलेली नसताना मोटर पुन्हा सुरू झाली. या यंत्राविषयी लिहायचे हे गेल्या नोव्हेंबरपासून मनात होते. फक्त तेव्हा मी कौतुक लिहिणार होतो.

कुडाळच्या एमआयडीसीत आमचे फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे आणि माझ्यासह चार माणसे काम करतात. आधी दीड एचपीचा जुना कॉम्प्रेसर होता. खिळ्यांची गन आणि धूळ उडवणे एवढ्यापुरता तो पुरेसा होता, पण मेलामाइन किंवा पीयू पॉलिश फवारणारी गन लावली की दरवाजाची एक बाजू होईपर्यंत त्याचा दम जात असे. म्हणून तीन एचपीचा, दोन टप्प्यांचा (हवा दोनदा दाबणारा), २२० लिटर टाकीचा, थ्री फेजवर चालणारा घेतला. स्टार्टर आणि १८ टक्के जीएसटी धरून ५३ हजारांच्या आसपास खर्च आला. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव आले की बोलणे नावावरच अडते.

निवड करताना माझा सर्वांत जास्त वेळ सीएफएमने, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा या आकड्याने, खाल्ला. यंत्रावरच्या पाटीवर १२ सीएफएम लिहिले आहे. हा आकडा पिस्टन किती जागा झाडतो याचा आहे, गनपर्यंत किती हवा पोहोचते याचा नाही, हे विक्रेता आपणहून कधीच सांगत नाही. म्हणून यंत्र आल्यावर पहिल्याच दिवशी मी टाकी पूर्ण रिकामी केली, बाहेर जाणारा कॉक बंद केला आणि शून्यापासून आठ किलोपर्यंत किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजले. सात मिनिटे वीस सेकंद लागले. २२० लिटरची टाकी आठ किलोपर्यंत भरायची म्हणजे आत साधारण १७६० लिटर मोकळी हवा जाते. त्याला वेळेने भागले की मिनिटाला २४० लिटर, म्हणजे साडेआठ सीएफएम. एक सीएफएम म्हणजे २८.३ लिटर एवढे ठाऊक असले की हा हिशेब कोणालाही करता येतो. टाकी तापलेली असल्यामुळे खरा आकडा थोडा कमीच असणार. पाटीवरच्या आकड्याच्या सुमारे ७० टक्के हवा मिळणे हे पिस्टनच्या यंत्रात वाईट नाही, त्यामुळे इथे तक्रार नाही. तक्रार आहे ती साडेआठ सीएफएमची हवा बारा सीएफएम म्हणून विकण्याबद्दल. आमची १.४ नोझलची साधी गन सहा-सात सीएफएमवर व्यवस्थित चालते. कमी दाबावर पण जास्त हवा घेऊन चालणारी एचव्हीएलपी गन घेण्याचा विचार मात्र त्या सात मिनिटे वीस सेकंदांतच संपला, आणि हवेवर चालणाऱ्या सँडरचा त्याही आधी, कारण तो एकटाच सगळी हवा पिऊन वर आणखी मागतो. सँडर विजेचाच बरा.

आणखी एक गोष्ट दुकानात उभ्या उभ्याच पाहून घ्यावी. दोन सिलिंडर दिसले म्हणजे यंत्र दोन टप्प्यांचे असतेच असे नाही. दोन्हींचा व्यास सारखा असेल तर ते एकाच टप्प्याचे दोन सिलिंडर असतात. एक मोठा, एक लहान आणि मधून पंख्याच्या वाऱ्यात धरलेली थंड करणारी नळी असेल तरच दोन टप्पे. मला पहिल्या दुकानात सारख्या व्यासाचे यंत्र "टू स्टेज" म्हणून दाखवले गेले होते. हल्ली मिळणारे बिनतेलाचे, कमी आवाजाचे कॉम्प्रेसरही पाहिले. तासनतास पॉलिश मारायची असेल तर तो मार्ग नव्हे एवढेच माझे मत झाले.

आता कॉक.

टाकीत साचलेले पाणी सोडण्याचा कॉक टाकीच्या तळाला, बरोबर मध्यभागी, जमिनीपासून चार बोटांवर बसवलेला आहे. त्याला लहानशी पितळी चावी आहे. ती फिरवण्यासाठी माणसाने फरशीवर कुशीवर झोपायचे, डावा हात टाकीखाली खांद्यापर्यंत घालायचा, न बघता चावी शोधायची आणि ती फिरली की तेलकट, गढूळ, ताकासारखे पांढुरके पाणी आठ किलोच्या जोराने स्वतःच्या मनगटावर घ्यायचे. माहितीपुस्तिकेत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की पाणी रोज सोडावे. ज्याने ते वाक्य लिहिले आणि ज्याने कॉकची जागा ठरवली, त्या दोघांची कधी गाठ पडली नसावी. पन्नास हजारांच्या यंत्रात बिडाचे हेड उत्तम, पट्ट्यावरची जाळी मजबूत, चाकेसुद्धा चांगली, आणि जी गोष्ट मालकाने रोज हाताळायची तीच अशी.

ही बारीकसारीक कुरबूर आहे असे नोव्हेंबर ते मे या काळात मलाही वाटत होते. थंडीच्या दिवसांत वाटीभर पाणी निघे आणि चार दिवस सोडले नाही तरी कोणाचे काही बिघडत नसे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि चित्र पालटले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तीस अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे चोवीसेक ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा आठ किलोपर्यंत दाबून पुन्हा निवली की त्यातली जेमतेम चार-पाच ग्रॅम वाफ म्हणून टिकते आणि उरलेली टाकीत पाणी होऊन बसते. दिवसाला तीन तास मोटर चालली तर हे पाणी पाऊण लिटरच्या वर जाते. मी मोजले आहे. एका सायंकाळी एक लिटरच्या बाटलीत आठशे मिलिलिटरच्या खुणेपर्यंत निघाले होते.

आणि ते टाकीतच राहिले तर गनमधून निघते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सागाच्या टेबलाचा वरचा भाग जागोजागी पांढरा पडला. आमचे पॉलिशचे मिस्त्री वीस वर्षे हे काम करत आहेत, त्यांनी गन बादलीत धरून दाबली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मालकानू, ही गन पॉलिश नाय, पाणी मारता." तीन दिवस कॉक उघडला नव्हता हे मला त्यांच्यासमोर कबूल करावे लागले. टेबल खरवडून पुन्हा सीलरपासून सुरुवात केली. थिनर, सीलर आणि दोन दिवसांची मजुरी मिळून जे गेले ते मी वहीत लिहून ठेवले आहे, पण इथे लिहीत नाही.

त्याच रविवारी मी टाकी रिकामी करून तो कॉक काढला आणि त्या जागी एक एल्बो, दीड फूट जीआय पाइप आणि टोकाला बॉल व्हॉल्व्ह बसवला. सगळे सामान टेफलॉन टेपसह ३९० रुपयांत आले. दुकानदार पीव्हीसीचा पाइप स्वस्तात देत होता. पण दाबलेल्या हवेला पीव्हीसी कधीही वापरू नये, कारण तो फुटला तर नुसता गळत नाही, त्याचे तुकडे उडतात. आता सायंकाळी दिवे बंद करताना बूट न काढता, न वाकता, पायाच्या अंगठ्याने मी ती चावी फिरवतो आणि पाणी डब्यात जाते. या ३९० रुपयांनी मला जेवढा आनंद दिला तेवढा उरलेल्या यंत्राने दिलेला नाही, आणि नेमके म्हणूनच कंपनीवरचा राग कमी होण्याऐवजी वाढला. जे मला एका रविवारी जमले ते कारखान्यात का जमू नये?

पाण्यासाठी दुसराही एक बदल करावा लागला आणि त्यात चूक माझी होती. पाणी अडवणारा फिल्टर मी कॉम्प्रेसरच्या तोंडालाच लावला होता. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपातच फिल्टरमधून निघून जाते आणि पुढे पाइपात निवल्यावर त्याचे थेंब होतात. आता भिंतीवरून बारा मीटर लोखंडी पाइप किंचित उतार देऊन नेला आहे, गनसाठी फाटा पाइपाच्या वरच्या अंगाने काढला आहे आणि फिल्टर अगदी शेवटी, गनजवळ आहे. ऑगस्टमध्ये एकही फळी पांढरी पडली नाही.

तर मग ती फुसफुस. विक्रेता कोल्हापूरचा. फोनवर त्याने ऐकून घेतले आणि प्रेशर स्विच गेला असा निकाल तिथूनच दिला. फोंडा घाटातून तंत्रज्ञ तिसऱ्या दिवशी आला, स्विच बदलला, चहा घेतला आणि गेला. येण्याजाण्याचे १८०० आणि स्विचचे १६५० असे ३४५० रुपये झाले. यंत्र वॉरंटीत आहे हे मी सांगितल्यावर कार्डाची मागची बाजू दाखवण्यात आली, जिथे विजेचे भाग, रबर, गॅस्केट आणि व्हॉल्व्ह प्लेटा वगळलेल्या आहेत. म्हणजे वॉरंटी मुख्यतः टाकीच्या पत्र्याची आणि बिडाच्या ठोकळ्याची आहे. तंत्रज्ञाची गाडी महामार्गाला लागली नसेल तोच नव्या स्विचखालून हवा सुटू लागली. फोन केला तेव्हा "पुन्हा व्हिजिट लावावी लागेल" हे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर मी जे बोललो ते सणाच्या दिवसांत बोलू नये असे घरच्यांचे म्हणणे पडले.

शेवटी बाजूच्या गाळ्यातल्या फिटरने एकच प्रश्न विचारला : हवा मोटर चालू असताना सुटते की बंद असताना? फक्त चालू असताना सुटत असेल तर स्विचवरचा छोटा व्हॉल्व्ह बघायचा. बंद झाल्यावर सुटत राहत असेल तर टाकीच्या तोंडाशी असलेला एनआरव्ही, म्हणजे हवा फक्त टाकीत जाऊ देणारा एकदिशा व्हॉल्व्ह, हवा उलटी सोडतो आहे. आमची बंद असतानाच सुटत होती. वीज तोडली, टाकी शून्यावर आणली, एनआरव्हीचे टोपण उघडले. आत स्प्रिंग, एक चकती आणि चकतीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा काळा, कडक खडा. काजळीचा. थिनरने पुसण्याचा मोह आवरला, कारण चकती थिनरने फुगण्याची भीती होती. कोरड्या फडक्याने पुसून परत बसवली. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटे. त्या रात्री अकरापर्यंत दरवाजे झाले.

इथपर्यंत वाचून हे यंत्रच वाईट आहे असे वाटेल, आणि ऑगस्टअखेर मीही असेच लिहिले असते. पण काजळी आली कुठून याचा विचार करताना जूनमधली एक गोष्ट आठवली. वादळात गावातली लाइन पडली, दुरुस्तीनंतर दोन फेज एकमेकांच्या जागी जोडले गेले आणि आमची मोटर दोन दिवस उलटी फिरत होती. उलट्या दिशेनेही पिस्टन हवा दाबतोच, त्यामुळे काम चालू राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र मोठ्या चाकाच्या पंख्यासारख्या आऱ्या वारा सिलिंडरवर मारण्याऐवजी बाहेर ओढतात आणि हेड भाजून निघते. चाकावर दिशेचा बाण ठळक रंगवलेला आहे. तो मी दोन दिवस पाहिला नाही. तापलेल्या हेडमध्ये तेल जळून काजळी धरते, आणि त्या खड्याचा उगम तिथेच असावा असा माझा संशय आहे. म्हणजे बिघाडाचे खापर यंत्रावर फोडता येत नाही. चुकीचे निदान करून घेतलेल्या ३४५० रुपयांचे मात्र विक्रेत्यावर फोडता येते, आणि ते मी फोडतो.

बाकी यंत्राने गुमान काम केले आहे. मीटरवर ४३० तास झाले. तेल पहिल्यांदा पन्नास तासांनी आणि नंतर साडेतीनशेला बदलले, पट्टा एकदाच ताणावा लागला. आवाज मोठा आहे, पण फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये रंधा आणि कटर चालू असताना तो कोणाच्या कानी येतो!

स्विचचे पैसे परत मागणारे पत्र मी विक्रेत्याला पाठवले आहे. उत्तर आलेले नाही. जुना स्विच, जो बिघडलेला नव्हताच, तो तंत्रज्ञ जाताना इथेच विसरला. तो पुसून, पिशवीत घालून, तारीख लिहून खणात ठेवला आहे. समोरच्या गाळ्यातले फॅब्रिकेशनवाले याच कंपनीचे, याच मापाचे यंत्र पुढच्या महिन्यात घेत आहेत. त्यांना मी एल्बो, दीड फूट जीआय पाइप आणि बॉल व्हॉल्व्ह अशी यादी आधीच लिहून दिली आहे.