पोटात गोळा येणाऱ्यांनी कोणत्या राइडमध्ये बसावं?

वेग चालेल, उलटं लटकणंही चालेल, पण वरून खाली येताना पोटात गोळा येतो तो नको, अशी बऱ्याच जणांची अट असते. आणि हीच माणसं नेमकी चुकीची राइड निवडतात. रोलर कोस्टरचा लूप (गाडीला पूर्ण उलटं फिरवून आणणारं रुळाचं वळण) बघून मागे फिरतात आणि ‘ही तर साधी बोट’ म्हणत झुलत्या जहाजात जाऊन बसतात. गोळ्याच्या हिशेबाने पाहिलं तर लूप बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो आणि जहाज ही अम्युझमेंट पार्कातली सगळ्यात फसवी राइड.

सीट आपल्याला खालून रेटत असते, म्हणून वजन जाणवतं. हा रेटा एकाएकी कमी झाला की पोटातले अवयव किंचित वर उचलले जातात आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘पडतोय’ अशी वर्दी देते. गोळा म्हणतात तो हाच. नेहमीचं वजन म्हणजे 1 जी. शून्य जी म्हणजे तरंगणं, आणि त्याखाली गेलं की सीट नव्हे, मांडीवरचा दांडा आपल्याला धरून ठेवतो. उलट 2-3 जी असताना गाल ओघळतात, हात जड होतात, पण गोळा येत नाही. म्हणून कुठल्याही राइडसमोर उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: ही सीट दाबणारी आहे की सोडणारी?

मळमळ आणि गरगरणं हे वेगळं प्रकरण. ते कान आणि डोळे एकमेकांशी न जुळणारी माहिती देतात तेव्हा होतं, हळूहळू चढतं आणि राइड संपल्यावरही टिकतं. गोळा सेकंदात येतो, सेकंदात जातो. प्रवासात मळमळू नये म्हणून घेतात त्या गोळीचा या पोटातल्या गोळ्यावर उपयोग नाही.

लूप की टेकडी?

लूप घ्या. 1895 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पूर्ण गोल आकाराचा लूप होता. त्यात शिरताना एवढा जबर दाब यायचा की माना दुखावायच्या. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कात ‘रिव्होल्यूशन’ सुरू झाली. तिचा लूप थेंबाच्या आकाराचा आहे: खाली वळण मोठं, वर आवळलेलं. वरच्या टोकाला गाडी मंदावते, पण तिथे वळणही घट्ट असल्याने आपण सीटमध्येच दाबलेले राहतो. डोकं खाली असूनही पोटाला ते कळत नाही. पुढचे बहुतेक लूप याच घडणीचे आहेत. कॉर्कस्क्रू, म्हणजे स्क्रूसारखं पीळ घालून उलटं करणारं वळण, हेही साधारण याच जातीचं.

टेकडीचं उलट. रूळ वरून खाली वळतो, पण गाडीला सरळ पुढे जायचं असतं, त्यामुळे सीट खालून निसटते. यालाच एअरटाइम म्हणतात आणि रोलर कोस्टरचे शौकीन त्यासाठीच येतात. डिझायनर टेकडीचा माथा मुद्दाम फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा आखतात. गाडी ताशी 72 किलोमीटरने जात असेल आणि माथ्याची त्रिज्या सुमारे 41 मीटर असेल, तर माथ्यावर वजन बरोबर शून्य होतं. तोच माथा निम्म्या वेगाने ओलांडला तर पाऊण वजन शिल्लक राहतं, म्हणजे गोळा जेमतेम जाणवेल. टेकडी तीच, वेग बदलला की अनुभव बदलला. वंगण गरम झालं की गाडी जास्त पळते, म्हणून तीच राइड सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत सुस्त आणि दुपारी उशिरा धारदार लागते. लाकडी कोस्टरवर हा फरक जास्त जाणवतो.

तेव्हा लांबून पाहिल्यावर उंटाच्या मदारींसारख्या ओळीने टेकड्या दिसल्या तर ती राइड सोडा. ओहायोतल्या सीडर पॉइंटची ‘स्टील व्हेंजन्स’ (2018) हा याचा कळस. एका फेरीत सुमारे 27 सेकंद एअरटाइम असल्याचं पार्कच मिरवतं. अशा लाकूड-पोलाद मिश्र कोस्टरच्या वाटेला अजिबात जाऊ नये.

उलटं करणाऱ्या वळणांत दोन अपवाद आहेत. ‘झिरो-जी रोल’ नावालाच जागतो, त्यात गाडी टेकडीवरून जाता जाता कूस बदलते. दुसरा ‘स्टॉल’: यात गाडी उलटी होऊन क्षणभर तशीच तरंगत जाते. राइडच्या वर्णनात हे शब्द दिसले तर लूपची हमी विसरा.

उतारावर मीटर नव्हे, अंश बघा

पार्कचे फलक उंची मोठ्या अक्षरांत लिहितात. गोळ्याचा खरा हिशेब उताराच्या कोनात असतो. सरळ घसरणीवर 30 अंशांत 87 टक्के वजन उरतं, 45 अंशांत 71 टक्के, 60 अंशांत निम्मं आणि 90 अंशांत काहीच नाही. सीडर पॉइंटच्याच ‘मिलेनियम फोर्स’चा (2000) पहिला उतार 80 अंशांचा आहे. म्हणजे वजनाचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो, आणि तोही 90 मीटरच्या वर उंचीवरून उतरताना. आता पाण्यातली ओंडक्याची राइड घ्या. तिचा उतार 45 अंशांच्या आसपास असेल तर किंकाळ्या कितीही ऐकू आल्या तरी गोळा माथ्यावर क्षणभर येतो आणि घसरण सुरू झाली की ओसरतो. गोल तराफ्यातून नदीसारख्या प्रवाहात फिरवणारी राइड त्याहून सोपी, तिथे फक्त कपडे भिजतात. मात्र वॉटरपार्कात पायाखालची फळी सरकवून सोडणाऱ्या उभ्या नळीत जाऊ नका, तिथे सुरुवातीला चक्क मोकळं पडणं आहे.

वळत उतरणारा उतारही चांगला. कलत्या वळणावर गाडी आपल्याला सीटमध्ये दाबत असते. 60 अंश कललेल्या, नीट आखलेल्या वळणावर दुप्पट वजन जाणवतं. त्यामुळे स्प्रिंगसारखं गोल गोल उतरणारं कोस्टर उंच असूनही पोटाला झेपतं.

लाँच की साखळीची चढण?

गाडी सपाटीवरून एकदम सुटते तेव्हा पाठ सीटला चिकटते. हा दाब आडवा असतो, गोळ्याशी त्याचा संबंध नाही. अबू धाबीतली ‘फॉर्म्युला रोसा’ (2010) पाचेक सेकंदांत ताशी 240 किलोमीटर गाठते, सरासरी 1.4 जीचा रेटा. वेग आवडणाऱ्यांनी यापेक्षा वेगळं काय मागावं! पण लाँचनंतर काय येतं ते बघितल्याशिवाय हो म्हणू नये. तिथे पुढे 52 मीटरची टेकडी आहेच.

दोन लाँच शेजारी ठेवून पाहा. फ्लोरिडात 1999 साली सुरू झालेलं ‘रॉक अँड रोलर कोस्टर’: 2.8 सेकंदांत ताशी 92 किलोमीटर, मग लगेच उलटी वळणं, सगळं बंदिस्त इमारतीत. न्यू जर्सीची ‘किंगडा का’ (2005 ते 2024): साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर, पण ते सगळं 139 मीटर उंच मनोऱ्यावर चढून पलीकडे सरळ उभं उतरण्यासाठी. पहिली गोळावाल्यांना झेपण्यासारखी, दुसरी त्यांनी खालून बघण्यासारखी. लाँच हा शब्द दोन्हीच्या वर्णनात सारखाच होता.

साखळीने टकटक करत वर नेणाऱ्या गाडीत भीती साठायला वेळ मिळतो, हा तोटा. फायदा असा की पहिला उतार कसा आहे ते आधी समोर दिसतं. अंधारातल्या कोस्टरमध्ये हीच सोय नसते. वेग कमी असला तरी उतार कधी येणार ते न कळल्याने पोट तयार नसतं. फ्लोरिडातलं ‘स्पेस माउंटन’ (1975) ताशी 45 किलोमीटरच्या आसपासच जातं, तरी त्यातल्या लहान लहान घसरणी मोठ्या वाटतात.

झुलतं जहाज, जरा जवळून

समजा जहाज दहा मीटर लांबीच्या दांड्यांवर टांगलंय आणि दोन्ही बाजूंना 60 अंशांपर्यंत जातंय. शेवटच्या टोकाला ते क्षणभर थांबतं. तेव्हा मधल्या ओळीतल्या माणसाला निम्मं वजन जाणवतं. पण टोकाच्या ओळीतला माणूस मध्यापासून 25 अंश पुढे बसलेला असतो, म्हणजे तो प्रत्यक्षात 85 अंशांवर पोचतो आणि त्याचं वजन दहा टक्क्यांच्याही खाली जातं. त्याच्यासाठी हे जवळजवळ मोकळं पडणंच. उलट्या बाजूच्या झोक्यात तोच माणूस 35 अंशांवर असतो, तेव्हा त्याला 80 टक्क्यांहून जास्त वजन मिळतं. एक हेलकावा साधारण सात सेकंदांचा. दीड मिनिट जहाज भरात झुललं तर टोकाला बारा-तेरा जोरदार गोळे, मध्यभागी त्याच्या दुप्पट पण सौम्य. रोलर कोस्टरच्या एका फेरीत एवढे मोठे गोळे क्वचितच मिळतात.

जायचंच असेल तर बरोबर मधली ओळ पकडा. त्याच तत्त्वावर चालणारी, पण 90 अंशांच्याही वर जाणारी मोठी लोलक-चकती मात्र टाळावीच, तिथे मधली जागाच नसते. तिच्यात सगळे एकाच रिंगणात बसतात आणि चकती स्वतःही फिरते. म्हणजे गोळ्याबरोबर गरगर फुकट.

टॉवर

उंचावर नेऊन सरळ खाली सोडणाऱ्या टॉवरवर फार बोलण्यासारखं नाही: टाळा. 20 मीटर मोकळं पडायला दोन सेकंद, 45 मीटरला तीन, आणि तो सगळा वेळ शून्य जी. खालून वर उडवणारा टॉवर काहींना बरा वाटतो, कारण सुरुवातीला शरीर जड होतं. पण वर पोचल्यावर तरंगणं येतं आणि नंतर चेंडूसारख्या उसळ्या. फ्लोरिडातलं ‘टॉवर ऑफ टेरर’ (1994) लिफ्टसारखं दिसतं म्हणून फसू नका. तिथे लिफ्ट नुसती सोडत नाहीत, मोटरने खाली खेचतात, म्हणजे ती मोकळं पडण्यापेक्षाही वेगाने खाली जाते. तेही एकदा नव्हे, अनेकदा, आणि क्रम दर वेळी बदलतो.

गोल फिरणाऱ्या राइड

साखळ्यांचे झुले, आकाशपाळणा, भिंतीला चिकटवून ठेवणारा फिरता पिंप, गोल फिरत हळूहळू उभं होणारं चाक: या सगळ्यांत दाब एकाएकी सुटत नाही, गोळा जवळजवळ नाही. साखळीचे झुले यांतले सगळ्यात उत्तम. उंची, वारा, वेग सगळं मिळतं. पिंपात मात्र गरगर असते, डोकं इकडेतिकडे वळवलं की मळमळ वाढते. सिम्युलेटरचंही तसंच: खुर्ची जागेवरच डुलते, पडद्यावर आपण दरीत कोसळतो, पोट शांत राहतं पण डोकं चढतं. गोळा आणि मळमळ यांपैकी आपल्याला जास्त काय छळतं हे ठाऊक असेल तर निवड इथेच होते.

कोणती सीट?

पहिल्या उतारावर शेवटचा डबा सगळ्यात वाईट. गाडीचा निम्मा भार उतरू लागला की मागचा डबा माथ्यावरून हिसकला जातो. पुढचा डबा माथा हळू ओलांडतो, पण समोरची दरी बघत लोंबकळावं लागतं. पुढच्या टेकड्यांवर मधला डबा सगळ्यात सौम्य, कारण तो माथ्यावर असतो तेव्हा गाडी सर्वांत मंद झालेली असते. म्हणून दुसरी-तिसरी ओळ किंवा मध्य. एकट्या प्रवाशांची वेगळी रांग लवकर सरकते, पण तिथे सीट निवडता येत नाही. दहा मिनिटं वाचवायला जाऊन शेवटचा डबा पदरात पडतो.

दांडा मांडीला लागेपर्यंत ओढून घ्या. खिशातला फोन, जाड जॅकेटची घडी यामुळे मध्ये चार बोटं फट राहिली तर तेवढं शरीर उचललं जातं. उतार सुरू होताना पाय जमिनीला दाबा, पोट आवळा, श्वास रोखू नका, सोडत राहा. ओरडायला लाजू नका. ओरडताना श्वास सुटतो आणि पोटही आवळलं जातं.

रांगेत उभं राहण्याआधी

पाच मिनिटं खाली थांबून दोन गाड्या जाताना बघा. माथ्यावर बसलेल्यांचे केस उभे राहतात का, मांड्या सीटवरून सुटतात का, खांदे उचलले जातात का? मग ती सोडणारी राइड. माना मागे चिकटलेल्या आणि हात वर करायलाही जड जात असेल तर दाबणारी. पार्कच्या नकाशावरच्या ‘सौम्य, मध्यम, थरारक’ या खुणांवर विसंबू नका. त्या उंची, वेग आणि उलटं होणं यावरून ठरतात, पोटावरून नाही. म्हणूनच जहाजाला ‘मध्यम’ आणि लूपवाल्या कोस्टरला ‘थरारक’ अशी खूण मिळू शकते. हृदय, रक्तदाब, मान-पाठ किंवा गरोदरपण असेल तर दाबणाऱ्या राइडही धोक्याच्या असू शकतात, तिथे पार्कचा इशाऱ्याचा फलक शेवटचा शब्द.

दिवसाचा क्रम असा लावा: आधी साखळीचे झुले, मग ओंडक्याची राइड, मग लूपवालं पोलादी कोस्टर मधल्या सीटवरून. ओंडक्याच्या उतारावरच नको झालं तर टेकड्यांच्या वाटेला जाऊ नका, पण लूप तरीही एकदा करून बघायला हरकत नाही. चढण्याच्या फाटकाशी पोचल्यावर मन बदललं तर दांडा बंद होण्याआधी कर्मचाऱ्याला सांगा. तिथून बाहेर पडायची वाट ठेवलेली असते आणि रोज कितीतरी लोक तिथूनच परत जातात.