शनिवार-रविवार, एकजण गावी, की सगळेच? ठाण्यातून गावचे घर आणि गोठा सांभाळताना

गावचे बंद घर पुन्हा नांदते करायचे ठरले की ठाण्यातल्या घरात पहिला वाद कौलांवरून होतो. कौले ठेवायची की पत्रा टाकायचा, संडास आत की बाहेर, किती खर्च येईल. शेळ्या-कोंबड्यांचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, हौस म्हणून. आमचेही असेच झाले आणि तिथेच चुकले. घराचे काम शनिवार-रविवारच्या हिशोबाने होते. जनावराला मंगळवारी रात्रीही माणूस लागते. म्हणून सोमवार ते शुक्रवार रात्री तिथे कोण झोपणार, हे आधी ठरवा. कौलांचे नंतर बघता येते.

सासऱ्यांचे मातीचे घर मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे आहे. अकरा वर्षे ते बंद होते. पहिले वर्ष आम्ही शनिवार-रविवार ये-जा केली. गेली दोन वर्षे सासू-सासरे तिथेच राहतात, माझा नवरा आठवड्यातले चार दिवस तिथे असतो आणि मी दोन मुलांना घेऊन ठाण्यात. तिसरा मार्ग माझ्या चुलत जाऊबाईंनी धरला. कळव्याची खोली भाड्याने देऊन सगळे कुटुंब गावी गेले. तिन्ही मार्ग जवळून पाहिलेत, म्हणून हे लिहिते आहे.

शनिवार-रविवार

नकाशात अंतर फार दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कल्याण आणि शहाडचा पूल ओलांडून म्हारळ-गोवेलीपर्यंत पोचेतो मुले झोपलेली असतात. शनिवारचा अर्धा दिवस झाडलोटीत आणि पाणी भरण्यात जातो, रविवारी दुपारी परतीची घाई. तरीही एवढ्या वेळात डागडुजी होऊ शकते. पहिल्या वर्षी आम्ही फुटलेली कौले बदलली, वाळवी लागलेले वासे काढले, जोत्याभोवती पाणी वाहून जायला चर खणला.

बंद घराचे मात्र एक दुखणे राहतेच. रोज चूल पेटली की धुराने वासे कोरडे राहतात, कीड कमी लागते. रोज माणूस वावरले की गळती पहिल्याच सरीला कळते. आठवड्याने गेले की पाणी भिंतीत उतरून गेलेले असते.

जनावरांत या पद्धतीला जेमतेम कोंबड्या झेपतात, त्याही शेजारी मायेचा असेल तर. संध्याकाळी खुराड्याचे दार लावणारा हात रोज हवा. दिवसा मुंगूस येते, रात्री रानमांजर, आणि एक रात्र दार उघडे राहिले की सगळे संपते. मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यातच द्यावी लागते, पुढच्या मात्राही चुकवता येत नाहीत. ती तारीख शनिवारीच येईल असे नाही.

आम्ही कोंबड्यांवर थांबलो नाही, चार शेळ्या घेतल्या आणि शेजारच्या काकांकडे वाट्याने दिल्या. जुलैत दोन करडे न्यूमोनियाने गेली. गोठ्याची जमीन ओली होती. शेळीला ओल्या जमिनीवर रात्र काढणे सोसत नाही आणि करडांना तर मुळीच नाही. काकांचा फोन गुरुवारी आला, आम्ही पोचलो शनिवारी. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांच्या स्वतःच्या लावणीचे दिवस होते. माझ्या मुलीने त्या करडांना नावे ठेवली होती. त्या दिवशी आम्ही ठरवले की माणूस राहणार नसेल तर जनावर ठेवायचे नाही.

एकजण गावी, बाकीचे ठाण्यात

आज आमच्याकडे अकरा शेळ्या आणि वीस-बावीस कोंबड्या आहेत. शेळ्यांसाठी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच फळ्यांचे मचाण केले, फटीतून लेंडी-मूत्र खाली पडते आणि बसायला कोरडे राहते. पावसापूर्वी आंत्रविषार या पोटाच्या रोगाची लस देतो. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षे पुरते. १९६२ या क्रमांकावर फोन केला की जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची मदत मागता येते. पण गाडी येईपर्यंत आजारी शेळी वेगळी बांधून कोरडी ठेवायला घरात कोणीतरी असावेच लागते.

चाऱ्याचा हिशोब आम्हाला उशिरा कळला. आपल्या भागात भाताचा पेंढा मुबलक आहे, पण शेळी त्याला तोंड लावत नाही. गाय खाते. शेळीला पाला हवा: सुबाभूळ, शेवरी, उंबर, फणस. पावसाच्या झडीत पाला ओलाचिंब असतो, म्हणून तुरीचे भुसकट घाटावरून मे महिन्यातच आणून भरून ठेवावे लागते. घराचा माळा आम्ही त्यासाठीच दुरुस्त केला.

आता या मार्गाची किंमत. शेळी गाभण राहिल्यापासून साधारण दीडशे दिवसांनी विते, बहुतेकदा दोन करडे देते, आणि बरोबर त्याच रात्री धाकट्याला ठाण्यात ताप असतो. अशा वेळी मी रिक्षा करून दवाखान्यात एकटी आणि नवरा गोठ्यात एकटा. पहिले सहा महिने फोनवर बोलायला विषय दोनच होते, पैसे आणि शेळ्या. मग आम्ही ठरवले की महिन्यातला एक रविवार सासू-सासऱ्यांवर गोठा सोपवून त्याने ठाण्यात यायचे आणि त्या दिवशी गावचा विषय काढायचा नाही. हा नियम पाळला नसता तर आमचे हे काम दुसऱ्या वर्षापर्यंत टिकले नसते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. बोकडाला चांगला भाव बकरी ईदला मिळतो आणि त्यासाठी तो एक वर्षाचा पूर्ण झालेला लागतो. म्हणजे मुलांना लळा लागायला पुरते वर्ष मिळते. बोकड जन्मला की तो विकला जाणार आहे हे आम्ही मुलांना त्याच दिवशी सांगतो. नावे फक्त पाटींना, म्हणजे मादी करडांना, ठेवायची, असे मुलीने स्वतःच ठरवले. तरी विक्रीच्या दिवशी ती रडते. आम्ही तिला रडू देतो.

सगळे कुटुंब गावी

जाऊबाईंकडे दोन डांगी गायी आहेत. डांगी ही अकोले-इगतपुरीपासून आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातली पावसात टिकणारी जात. दूध थोडे, पण आमच्या झडीत तब्येत धरून राहते. जास्त दुधाच्या आशेने संकरित गाय आणणारे उन्हाळ्यात आणि गोचिडांपायी जेरीस येतात. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचावी लागते, आणि २०२२ साली लम्पी पसरला तेव्हापासून अंगावर साधी गाठ दिसली तरी जीव धास्तावतो.

गाय दोन वेळा दूध काढायला माणूस मागते, रोज. भावाच्या लग्नाला जाऊबाई डोंबिवलीला आल्या त्या दुपारच्या जेवणापुरत्या. गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झाला तर काय, याचाही विचार आधी हवा. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे आणि नांगराला ट्रॅक्टर आले. गोऱ्हा म्हणजे वर्षानुवर्षे पोसायचे तोंड. हे मनापासून मान्य असेल तरच गाय घ्यावी.

या मार्गात मिळते ते मोठे आहे. त्यांची मुले दुसरीत आणि चौथीत होती तेव्हा गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत रुळली, संध्याकाळी बाप घरी दिसतो, घरचे दूध आहे. पण गावची शाळा चौथीपर्यंतच. पुढे मुरबाडची एसटी, आणि ती चुकली की दिवस गेला. जाऊबाईंनी नोकरी सोडली, स्वतःच्या हातचा पगार गेला. याचे दुःख त्यांना आहे आणि त्या ते लपवत नाहीत. दोघांपैकी कोणाची कमाई थांबणार हे निघण्यापूर्वी उघड बोलायला हवे.

माझे मत सांगते. मुले पहिली-दुसरीत असतील आणि एकाची कमाई गावातून चालू राहणार असेल तर सगळ्यांनी जावे. मुले सातवीच्या पुढे असतील तर नको, आमचा मार्ग बरा, तोही गावी राहायला खुशीने तयार असलेले वडीलधारे असतील तरच. सासूबाईंना मी हे आधी विचारले नव्हते, नवऱ्याने परस्पर ठरवले. त्या गेल्या आनंदाने, पण त्यांचे गुडघे कोणी लक्षात घेतले नव्हते. न्हाणीघर आणि संडास घराला लागून, उंबरा न ओलांडता जाता येईल असे, सगळ्यात आधी बांधायला हवे होते. आम्ही ते कौलांनंतर केले.

कौले की पत्रा, हेही मग मुक्कामावरून ठरते. पत्रा लवकर होतो आणि वानरांनी फुटत नाही, पण एप्रिलमध्ये दुपारी घरात बसवत नाही आणि पावसात समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. कौलांना दर वर्षी शाकारणी लागते. कोणी राहणार असेल तर कौले, नाहीतर पत्रा. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. आतली ओल बाहेर पडत नाही आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्या ओटीच्या भिंतीला तो करून बसलो, पुढच्याच वर्षी उतरवून मातीने लिंपावे लागले.

पैसे घालण्यापूर्वी कागद पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर आकारणीचा असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. घरात आत्यांचाही हिस्सा असतो. आम्ही दोन्ही आत्यांना बोलावून ओटीवर बसलो, खर्च कोणाचा आणि हक्क कोणाचा हे लिहून काढले, मे महिन्यात त्यांच्यासाठी माजघर राखून ठेवले.

आणि पाणी. मुंबई-ठाण्याची तहान भागवणारी भातसा आणि तानसा धरणे शेजारच्या शहापूर तालुक्यात, तरी त्याच तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आमची विहीरही एप्रिलअखेर तळाला जाते. शेळीला दिवसाला चार-पाच लिटर पुरते, दुभत्या गायीला पन्नास-साठ. जनावर आणण्यापूर्वी जुलैतला एक आठवडा आणि मे महिन्यातला एक आठवडा त्या घरात सगळ्यांनी मिळून राहून या, आणि मे महिन्यातल्या आठवड्यात विहिरीवरून पाणी कोण आणते ते बघा.