चेन की यांग? ताई ची शिकायला निघालेल्यांसाठी

‘चेन शिकू की यांग?’ असं कुणी विचारलं की लोक आधी ताई चीच्या या दोन शैलींपैकी अस्सल कोणती यावरच भांडायला बसतात. ते सोडून द्या. यांग शैलीचा मूळपुरुष यांग लुछान (१७९९–१८७२) शिकला तोच मुळी चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावात, चेन शैलीच्या चेन छांगशिंगच्या हाताखाली. आज आपण बघतो ती मोठ्या, संथ, एकाच लयीतल्या हालचालींची यांग शैली त्याच्या नातवानं, यांग छंगफूनं (१८८३–१९३६) घडवली. १९५६ साली सरकारी क्रीडा आयोगानं काढलेला २४ हालचालींचा छोटा संचही तिच्यावरच बेतलेला.

नोकरीनिमित्त बीजिंगला होतो तेव्हा सकाळी बागेत जमणाऱ्या अशाच एका यांगवाल्या गटात मी शिरलो. यांगचं एक मान्य करायलाच हवं: आपल्याला काहीतरी जमतंय असं लवकर वाटू लागतं. लांब संच मात्र डोकं खातो. त्यात ‘एकेरी चाबूक’ ही हालचाल वारंवार येते आणि पुढची वाट दर वेळी तीच नसते. लक्ष जरा हललं की माणूस थेट मागच्या भागात जाऊन पोचतो. तेही चालवून घेतलं असतं.

खरा वैताग आला तो ‘सैल सोडा’चा. खांदा वर गेला, सैल सोडा. तोल गेला, सैल सोडा. सोडलं की मी मरगळून उभा, तर म्हणायचे, असं नाही, माथा वर ताणलेला हवा. सूचना चूक नव्हती, पण सुरुवात कुठून करायची ते कुणी सांगेना. आणि सगळं एकसारखं वाहत असल्यानं चूकही त्यात बेमालूम मिसळून जाते. तुईशौला, म्हणजे जोडीनं हाताला हात लावून करायच्या सरावाला उभं राहिलं की पितळ उघडं पडतं. समोरच्या आजोबांनी मनगटाला मनगट नुसतं टेकवलं, की माझा खांदा कानाशी आणि टाचा अधांतरी. आजोबांचा सल्ला काय, ते सांगायला नकोच.

चेनमध्ये याच दुखण्याला धरायला जागा मिळाली. तिथे छानसीगोंग असतं, रेशीम ओढण्याचा सराव. एक हात कमरेवर, दुसऱ्यानं समोर मोठं वर्तुळ काढायचं. भार या पायावरून त्या पायावर जातो, आणि कंबर वळली तरच हात फिरतो. हात वर्तुळाच्या माथ्यावर आला की कोपर तरंगतं, खांदा चढतो, श्वास छातीत अडकतो. एकच हात, एकच वर्तुळ, त्यामुळे चोर लगेच सापडतो. गुरुजी माझ्या खांद्यावर तळवा ठेवून नुसते उभे राहायचे. कोपर खाली आलं की खांदा आपसूक उतरायचा. यानंतर तुईशौत मी कुणाला भारी पडू लागलो असं नाही, पण आपण ढकललो कुठून गेलो ते तरी कळायला लागलं.

चेनचा जाच वेगळा. बैठक खोल, गुडघ्यांवर ताण. गुडघा पंजाची दिशा सोडून आत कलला की दुखणं ठरलेलं. (यांगच्या काही परंपरांत भार असलेल्या पायावरच वळतात, तेव्हा गुडघ्यांची हमी तिथेही नाही.) मधेच फाजिनचे, म्हणजे एकदम जोर बाहेर टाकण्याचे झटके येतात. शिवाय संचाच्या सुरुवातीलाच ‘वज्रधारी उखळात कांडतो’ या हालचालीत पाय आपटायचा असतो. फ्लॅटमध्ये सराव करणार असाल तर खालच्या मजल्यावरचे विचारपूस करायला येतील. हलकेच टेकवला तरी चालतो म्हणा.

साठीच्या पुढचे असाल, गुडघे आधीच कुरकुरत असतील किंवा सकाळी चारचौघांबरोबर शांतपणे हालचाल व्हावी एवढंच हवं असेल, तर यांग उत्तमच. तिथे नेमकं बोट ठेवणारा गुरू भेटला तर माझी तक्रारच उरत नाही. बाकी सगळं सारखं असेल तर मात्र मी चेनकडे झुकेन. फक्त वर्ग बघायला जाल तेव्हा रेशीम ओढणं किती करून घेतात ते विचारा. पहिल्याच दिवशी संच शिकवायला घेत असतील, तर घराजवळची यांग बरी.